अकराव्या टप्प्याचा दगड

फोटो चांगला यावा म्हणून त्यांनी म्हातारीला शेजाऱ्याच्या मक्यात उभं केलं, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

पूर ओसरल्यावर सरकारची मदत जाहीर झाली, तेव्हा सांगणं एवढंच होतं की ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा शेतात उभं राहून काढलेला फोटो पाठवा. जमीन म्हातारीच्या नावावर. पण शेत होतं कुठे? नदीने वळण बदललं होतं आणि कांद्याच्या वाफ्यांवरून ती अंग पसरून निवांत वाहत होती. म्हातारीचा मुलगा काठावर उभा राहून म्हणाला, "पाण्याचा काय फोटो काढायचा? लोक म्हणतील, फिरायला आलेत."

मग सुनेनेच तोड काढली. तिने सासूला न्हाऊ घातलं, तेल लावून केस चप्प बसवले, धुवट कपडे नेसवले, आणि वरच्या अंगाला शेजाऱ्याचा मका छातीला लागला होता, त्यापुढे तिला उभं केलं. शेजारी स्वतः पानं बाजूला सारत होता. "जरा हसा की मामी! सरकार बघणार आहे."

म्हातारी हसली नाही. पण फोटो असा आला की बघत राहावा. मागे हिरवागार मका, पुढे ताठ म्हातारी, कपाळावर ऊन. सुनेने तो तीनदा पाहिला आणि समाधानाने पाठवून दिला.

महिन्याभराने ती कचेरीच्या खिडकीपाशी उभी होती. आतल्या कारकुनाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर तोच फोटो.

"हे तुमचं नुकसान?"

मागच्या रांगेतून कुणीतरी मान लांब करून पाहिलं आणि म्हणालं, "असलं नुकसान देवाने आम्हालाही द्यावं!" रांग हसली. सुनेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने खिडकीची कड बोटांनी घट्ट धरली.

"शेत पाण्याखाली आहे, साहेब. म्हणून शेजारच्या..."

"शेरा वाचू? पीक उत्तम. अर्ज नामंजूर." कारकून तसा वाईट नव्हता. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज खाली आणला. "हे बघा ताई. फेरपाहणी आहे. आमच्याकडची पाहणीवाली परवा तुमच्या बाजूला येतेय. तोच शेवटचा दिवस. शेताच्या चार हद्दीच्या दगडांपैकी एक तरी सापडला पाहिजे, आणि जमीनमालकीण त्या दगडापाशी उभी पाहिजे."

"आणि नाही सापडला तर?"

"तर नोंद होईल, नदीपात्र."

"म्हणजे?"

"म्हणजे ती जमीन राहिली नाही, नदी झाली. नदीला मदत मिळत नाही."

परतीच्या सगळ्या वाटेवर तिच्या डोक्यात तो एकच शब्द खुळखुळत होता. मदत मिळाली असती तर वाळू उपसायला यंत्र लावता आलं असतं, पुढच्या लावणीला जमीन उघडी झाली असती. ते राहिलं बाजूला. पण नदीपात्र? म्हणजे बारा वर्षं आपण ज्यात गुडघे टेकले, ते काही नव्हतंच?

*

म्हातारी ओसरीवर नदीकडे पाठ करून बसलेली असे. पूर आल्यापासून तिने बसायची जागाच फिरवली होती. आधी सकाळी उठली की तिचं तोंड शेताकडे, आता भिंतीकडे. भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. ओल वर चढत गेल्याची रेघ होती, तेवढीच.

"आत्या," सून म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणे. "परवा पाण्यात उतरावं लागेल."

"कुणाला?"

"तुम्हाला. आपला दगड दाखवायला."

"मी तिच्यात पाय घालणार नाही." ती म्हणजे नदी. तिचं नाव म्हातारी आता घेत नव्हती, भांडण झालेल्या जावेचं घेत नाहीत तसं. "विचारून आली होती का ती माझ्या घरात?"

मुलगा नुकताच कामावरून आला होता. खालच्या अंगाला उतारापाशी लोक नदीतली वाळू गाड्यांत भरत, तिथे तो आता रोजाने जाई. त्याच्या खांद्याची कातडी पाटीच्या कडेने सोलवटली होती. सून त्यावर तेल चोपडत होती, आणि तो दात आवळून बोलत होता.

"आई, आज मी पाटी उपसली ना, तर वाळूत कांदा निघाला. एवढासा. कुजलेला. आपलाच असेल."

म्हातारीने भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवर बोट फिरवलं.

"आपलंच शेत मी पाट्या भरभरून दुसऱ्याच्या गाडीत टाकतोय," तो हसत म्हणाला, पण ते हसू खांद्यापर्यंत पोचलं नाही. "आणि संध्याकाळी वर मजुरी घेतोय. असा धंदा कुणाला जमला नसेल."

म्हातारीने विचारलं, "झाड आहे का उभं?"

"कुठलं?"

"कोपऱ्यावरचं. वठलेलं."

"आहे. काठावरच आहे. त्याच्या मुळ्यांपर्यंत पाणी आहे."

"आणि समोरच्या टेकडीची खाच?"

"आत्या, टेकडी कुठे जाईल?" सून म्हणाली.

"शेत गेलं की," म्हातारी म्हणाली. आणि मग भिंतीकडे बघतच पुटपुटली, "झाड आहे, खाच आहे, तर दगड सापडेल. अकरा टप्पे."

सुनेच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. अकरा टप्पे म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही. लावणीचं गाणं होतं ते. झाडापासून समोरच्या दगडापर्यंत कांद्याची रोपं लावत जायचं, तर सासू पुढे गात चालायची आणि सून मागे. एका टप्प्याला आठ पावलं. अकरा टप्पे संपले की पाय दगडाला लागलाच पाहिजे, की मग वळायचं. सुनेला इतकी वर्षं वाटत आलं होतं की हे गाणं कंटाळा जावा म्हणून आहे. म्हातारीच्या सासूने ते शेत मोजायला बांधलंय, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

*

पाहणीवाली सकाळी आली, ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. पोरगेलीच होती. पाठीवर पिशवी, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. पाणी पाहिल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"खोल आहे का हो?"

"आता नाही," मुलगा म्हणाला. "मांडीपर्यंत. ओढ पण नाही फारशी. मी रोज उतरतो."

"मला पोहता येत नाही."

"चालता येतं ना? मग झालं."

तिने फोनमध्ये नकाशा उघडला. पिवळ्या रेघांची एक चौकट होती, ते शेत. आणि निळं टिंब होतं, ते आपण. पण काठाच्या दरडीखाली टिंबाला थारा नव्हता. कधी पिवळ्या रेघेच्या आत, कधी शेजाऱ्याच्या मक्यात, कधी थेट पलीकडच्या टेकडीवर.

"नाचतंय," पाहणीवाली कसनुशी म्हणाली. "इथे असंच होतं. याच्यावर दगड नाही सापडणार. तुम्हालाच दाखवावा लागेल. सापडला की त्याच्यावर फोन स्थिर धरायचा, मग घेतं ते."

शेजारीही येऊन उभा राहिला होता. त्याच्या मक्याने घोटाळा केला म्हणून त्याला उगीचच अपराधी वाटत होतं. घरातला जाड दोर तो न सांगता घेऊन आला होता. "मामीच्या कमरेला बांधा," तो म्हणाला. "दुसरं टोक माझ्याकडे. मी काही सोडत नाही."

म्हातारी दोर बाजूला सारून झाडापाशी आली. चाळीस दिवसांनी तिने नदीकडे तोंड केलं. पाणी गढूळ होतं, पण शांत. उन्हात त्याला कांद्याच्या सालीसारखा तांबूस रंग आला होता. म्हातारी बघत राहिली. तिची हनुवटी हलत होती. सगळ्यांना वाटलं आता ती रडेल, नाहीतर शिव्या देईल.

"किती पसरलीस गं," ती एवढंच म्हणाली. त्यात राग होता, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, जसं दुसऱ्याचं बाळ अंगाने भरलेलं पाहून म्हणावं.

तिने चपला झाडाच्या मुळीवर काढून ठेवल्या. खोडाला पाठ लावली, डोळे टेकडीच्या खाचेवर रोवले, आणि पाय पाण्यात घातला. सुनेने तिचा एक दंड धरला, मुलाने दुसरा. म्हातारीने गायला सुरुवात केली.

*पहिल्या गं टप्प्याला झाडाला पाठ देते*
*समोरच्या खाचेशी डोळ्यांची गाठ देते*

आठ पावलं. पाणी पोटऱ्यांना लागलं. दुसरा टप्पा, तिसरा. पाहणीवाली बूट घालून मागे येत होती. बुटांत पाणी शिरलं आणि ती थबकली. मग तिने बूट काढून शेजाऱ्याकडे फेकले आणि अनवाणी पुढे आली, फोन डोक्याशी धरून. सातव्या टप्प्याला पाणी मांडीला आलं.

*सातव्या गं टप्प्याला इथली ओल गोड*
*उन्हाळ्याच्या पोटी इथं पाण्याची ओढ*

आणि तिथे खरंच पायाला गार लागलं. वरचं पाणी उन्हाने कोमट झालेलं, पण खालून, वाळूतून, गार झरा वर येत होता. सुनेने ती जागा ओळखली. उन्हाळ्यात याच जागी रोपं कधी सुकत नसत. पाण्याखाली ते शेत अजून आपल्या जागी होतं. ओल नांदत होती तिथेच नांदत होती.

आठ. नऊ. दहा. म्हातारीला धाप लागली होती, पण ती थांबली नाही. अकरावा टप्पा संपला, तिने पाय पुढे केला, आणि पाय मऊ वाळूत रुतला.

दगड नव्हता.

तिने पायाने डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. वाळू. मुलगा वाकून दोन्ही हातांनी खाली उकरू लागला. वाळू बोटांतून निसटत होती आणि उकरलेली जागा पाणी लगेच भरून टाकत होतं. काठावरून शेजारी ओरडला, "सापडला का?"

पाहणीवाली फोनकडे बघत होती. टिंब अजून नाचत होतं. "आजी," ती हळूच म्हणाली, "पुरात दगड वाहून पण जातात."

"तो नाही जायचा," म्हातारी म्हणाली. "माणसाच्या कमरेएवढा आहे. अर्धा जमिनीत. माझ्या सासूसासऱ्यांनी पुरलाय." पण तिचा आवाज बारीक झाला होता. मुलाच्या आधाराने ती पाण्यात उभी राहिली, आणि सुनेने पाहिलं की ती खाली, स्वतःच्या पायांकडे बघतेय. पाय दिसत नव्हते, तरी बघतेय.

"आत्या, चला, परत फिरू."

"थांब." म्हातारीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत अचानक पोरकट हसू आलं. "अगं, गाणं बरोबर आहे. मीच चुकलेय. माझं पाऊल आखूड झालंय."

"आखूड?" मुलाने विचारलं.

"गाणं तेवढंच आहे. मीच म्हातारी झालेय," ती म्हणाली. "तू जा. झाडापासून. माझं तेव्हाचं पाऊल तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे?"

"मग कुणाकडे? लग्न होऊन आलीस तेव्हा शहामृगासारखी ढांगा टाकायचीस. मी मागे बघून किती ओरडायचे? पाऊल ताणू नकोस, गाण्यात बसव. बसवलंस ना शेवटी?"

सुनेला चालायची भीती नव्हती, पण गायचं होतं. तिचा आवाज फाटका. माहेरी भाऊ चिडवत, म्हशीने हाक मारली म्हणत. बारा वर्षं ती सासूच्या मागे नुसती ओठ हलवत चालली होती. मनातल्या मनात एकही टप्पा चुकली नव्हती, पण तोंडातून कधी शब्द काढला नव्हता.

"मोजत जाते," ती म्हणाली. "आठ गुणिले अकरा. गायला कशाला पाहिजे?"

"मोजलंस की पाऊल तुझं पडेल. गायलंस की माझं पडेल. जा."

ती काठावर परत आली. वठलेल्या खोडाला पाठ लावली. खोड उन्हाने तापलं होतं, ते तिला पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. शेजारी दोर घेऊन पुढे झाला. "बांधू?" तिने मान हलवली, नको. नवरा पाण्यात आईला धरून उभा होता. तो तिथूनच ओरडला, "गा गं. इथे कोण ऐकतंय?"

"मी ऐकतोय की," शेजारी म्हणाला.

"तुम्ही मका बघा!" ती हसून म्हणाली.

त्या हसण्यातच तिचं तोंड उघडलं. पहिला शब्द खरखरत निघाला. पहिल्या गं टप्प्याला. पाय पाण्यात गेला. पाणी पावलाला मागे ओढत होतं, पण तिने ओढीकडे लक्ष दिलं नाही. खाचेकडे पाहिलं आणि शब्द जितका लांब तितकाच पाय टाकला. तिसऱ्या टप्प्यापर्यंत ती लाजत होती. चौथ्याला विसरली. पाचव्याला म्हातारीने दुरून सूर धरला आणि दोन आवाज, एक फाटका आणि एक थकलेला, पाण्यावरून एकमेकांत मिसळून गेले. सातव्याला पायाखाली तो गारवा आला. या वेळी बरोबर "ओल" या शब्दावर आला.

तिचे पाय आता तिचे राहिले नव्हते. पुढे कुणीतरी चालतंय आणि आपण त्याच्या उमटलेल्या पावलांत पाऊल टाकतोय, असं तिला वाटत होतं. सासू चालली होती अशी, सासूची सासू चालली होती. पाणी वरून चाललं होतं, आणि त्या सगळ्याजणी खालून.

ती म्हातारीला ओलांडून पुढे गेली. दोन हात, चार हात, आणखी पुढे.

*अकराव्या टप्प्याला, दगडा दादा, ऊठ*
*दमून आले दारी, दे टेकायला पाठ*

शेवटच्या शब्दाला तिचा अंगठा कशावर तरी आदळला आणि कळ डोक्यात गेली.

ती वाकली नाही. ओरडलीही नाही. दुसरा पाय वर उचलून तिने तळव्याने चाचपलं. वाळूतून गुडघाभर वर आलेल्या दगडाचा सपाट माथा होता, आणि माथ्यावर छिन्नीने खोदलेल्या तीन खाचा. दरवर्षी वळताना ती त्यावर चिखलाचे हात पुसत आली होती. तिने मागे पाहिलं. नवऱ्याने तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"आई," तो म्हणाला, "आहे."

त्यांनी म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरून आणलं. तिने एक पाय दगडावर ठेवला, मग दुसरा, आणि वर आली. मांडीपर्यंतचं पाणी एकदम घोट्यांवर आलं. मग तिने दोघांचेही हात सोडले.

नदीच्या मधोमध म्हातारी पाण्यावर उभी होती. चहूकडून पाणी येत होतं, तिच्या घोट्यांपाशी दुभंगत होतं, आणि पुढे जाऊन पुन्हा एक होत होतं. वाऱ्याने तिचे पांढरे केस उडत होते. काठावर शेजाऱ्याने नकळत डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

पाहणीवालीने फोन म्हातारीच्या खांद्याशी धरला. निळं टिंब एकदा टेकडीकडे गेलं, एकदा मक्याकडे, मग हळूहळू सरकत पिवळ्या चौकटीच्या थेट कोपऱ्यावर येऊन बसलं. हललं नाही.

"बाई गं," ती पुटपुटली. "रेघेवर रेघ."

तिने फोटो काढला. मग फोनने विचारलं, हद्दीची खूण कशी सापडली? खाली पर्याय होते: जुना नकाशा. मोजणीची साखळी. साक्षीदार. इतर. पाहणीवालीने इतर दाबलं. फोनने तपशील मागितला. तिने कोऱ्या चौकोनाकडे पाहिलं आणि दोन बोटांनी लिहिलं: शेत त्यांना पाठ आहे.

हिरवी खूण उमटली. अर्ज मंजूर.

"झालं?" मुलाने विचारलं.

"झालं. नदीपात्र नाही. शेत आहे." पाहणीवालीने ओल्या बाहीने तोंड पुसलं. "बघा आजी, फोटो."

म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं. "केस बघ कसे झालेत. मक्यातला बरा होता."

मुलगा इतका हसला की शेजाऱ्याने काठावरून विचारलं, काय झालं, काय झालं.

"चला, निघू या," पाहणीवाली म्हणाली. "एक दगड पुरे असतो."

"तुला पुरे गं, पोरी." म्हातारी दगडावरून उतरली नाही. तिने मान वळवून नदीच्या खालच्या अंगाला पाहिलं, जिथे पाण्याशिवाय काहीच नव्हतं, आणि तिथे जणू बांध दिसत असल्यासारखं बोट केलं. "शेताला कोपरे चार असतात. इथून वळून नऊ टप्पे." मग ती सुनेकडे बघून म्हणाली, "थांबलीस काय? वळताना कुठलं कडवं येतं?"

सुनेचा अंगठा ठणकत होता. तिने दगडाला पाठ दिली, उन्हात डोळे किलकिले केले, आणि कुणी न सांगता मोठ्याने सुरू केलं. मुलाने आईला पाठुंगळी घेतलं. पाहणीवालीचं काम संपलं होतं. तिने फोन पिशवीत घालून पिशवी डोक्यावर बांधली, आणि शब्द येत नव्हते तरी पावलं जुळवत त्यांच्या मागे निघाली.